मुक्काम नान, मावंदं काशीचं

नान, २० नोव्हेंबर २०२५
विषय: पोचलो

ज्ञानू,

पोचलो. काशीला न्हाय, नानला. तुला म्हाईतच हाय, तरी एकदा लिवून बघितलं कसं वाटतंय. बरं न्हाय वाटलं.

तुझ्या दुकानाच्या मेलवर लिहितोय, कारण तुझं व्हॉट्सॲप शालूवैनी बघत्यात आणि माझं मीनाक्षी. तिला सांगून आलोय की काशीत असेपर्यंत मोबाईल बंद, नेम धरलाय, काय असंल ते ज्ञानूकडं कळवीन. त्यामुळं आता तू माझं पोस्ट ऑफिस.

नान म्हंजे थायलंडच्या पार वर, लाओसला खेटून. मधनं नदी, पलीकडं डोंगर, सकाळी धुकं. गाड्या हायत पण कुणी हॉर्न मारत न्हाय. तीस वर्षं कारखान्याचा भोंगा ऐकलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटलं, कान गेलं की काय आपलं!

तुला तो सोमचाय आठवतोय का? नवी मिल बसवायला आलेला थायलंडचा फिटर. अख्खा हंगाम कारखान्याच्या गेस्ट हाऊसला हुता. मी टाइमकीपर, त्याची हजेरी मांडायचो. पाकिटात त्याच्या घरच्यांचा फोटो नव्हता, गावच्या देवळातल्या भिंतीचा हुता. बोट ठेवून "नान, नान" म्हणायचा. म्हणलं, रिटायर झालो की येतो. सोमचायचा पत्ता पुढं हरवला, पण ते गाव डोक्यातनं गेलं न्हाय.

हे सगळं घरात सरळ सांगता आलं असतं असं तू म्हणशील. सांगून बघितलं की. सहज म्हणलो, "थायलंडला जाऊन येऊ का?" आदर्श पुण्यासनं फोनवर फिदीफिदी हसला, सूनबाईनं विषय बदलला आणि मीनाक्षीनं दोन दिवस ताट आदळलं. कोल्हापुरात थायलंड म्हणलं की माणसांच्या डोळ्यांपुढं एकच गल्ली येती. त्यात पिकल्या केसाचा माणूस "देवळं बघायला चाललोय" म्हणला तर आणखीनच हसतील. म्हणून तोंडातनं काशी निघालं.

आणि तिथंच फसलं बघ. काशीला मीनाक्षीलाच जायचंय, लग्न झाल्यापासनं. पण बनाआत्ती अंथरुणाला खिळलेली. आईमागं मला वाढवलेली आत्ती, तिला सोडून दोघांनी कसं जायचं? मीनाक्षी म्हणाली, "दोघांतलं एक तरी काशी करून येऊ दे. तुम्ही जावा." आणि पिशवीत गंगेची ओटी भरायला हिरवा खण आणि बांगड्या दिल्या. त्या कपड्यांच्या तळाला हायत. वरचं कपडं काढतो, तळाला हात घालत न्हाय.

घरी जाऊन सांग, सुखरूप पोचलो, गंगा बघितली.

विजयसिंह


शाहूपुरी, २१ नोव्हेंबर
विषय: लाज घालवलीस

विजा,

मर्दा, माणसं थायलंडला जात्यात आणि घरात सांगत्यात देवाला गेलतो. तू थायलंडला जाऊन खरंच देवळात गेलास! तालमीत कळलं तर भिंतीवरचा तुझा फोटो उतरवतील पोरं.

निरोप दिला. ऐक कसा दिला. मी तुझ्या दारात चप्पल काढतोय तवर मीनाक्षीवैनी, "भावजी, पोचले?"

"पोचले."

"गंगा बघितली?"

"बघितली."

"पाणी गार हाय का हो?"

आता ह्याचं उत्तर तू मला सांगितलं नव्हतंस. दिवसभर मी मोटारीचं कॉईल भरणारा माणूस, मला काय ठाऊक गंगा गार का गरम? म्हणलं, "हाय की, आपल्या पंचगंगेपेक्षा गार." वैनीनं डोळं मिटलं. जणू त्यांच्याच पायावर पाणी आलं.

आतनं आत्ती वरडली, "कोण, ज्ञान्या व्हय रं? त्याला सांग, गडू भरून आण म्हणावं. घोटभर गंगा तोंडात पडली की मी मोकळी." आवाज खोल गेलाय रे आत्तीचा. दात तर न्हाईतच, आता शब्द बी गळायला लागल्यात.

वैनीनं गरम धपाटी वाढली. पोट फुटेस्तवर खाल्ली. खोटं बोललं की भूक लागती हे मला आजच कळलं.

आणखी एक. वैनी मावंदं घालायचं म्हणत्यात. काशीहून आलेल्या माणसाचं पाय परातीत धुवायचं, भावकी पाया पडणार, गंगेच्या गडूची पूजा, मग जेवणं. मी हसून घालवलं. तू बी घालव.

ज्ञानू


नान, २४ नोव्हेंबर
विषय: भिंत बघितली

ज्ञानू,

सोमचायच्या पाकिटातली भिंत बघितली. देऊळ दोन मोठ्या नागांनी पाठीवर उचलल्यागत, एकीकडनं तोंड, दुसरीकडनं शेपटी. आत भिंतभर चित्रं. त्यात एक पुरुष हाय, अंगावर गोंदलेला, बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानाजवळ काय तरी सांगतोय. बाईचा चेहरा असा की तिला सगळं पटलंय.

माणसं फोटो काढत हुती. मी बाजूच्या पायरीवर बसलो. म्हणलं, ह्यो काय सांगत असंल? मग आठवलं मी काय सांगून आलोय. मीनाक्षीचा बी चेहरा असाच झालता.

राहतोय तिथल्या मालकीणबाईंना सगळी पा नोई म्हणत्यात. पा म्हंजे मावशी. फोनमध्ये बोलली की फोन इंग्रजी दाखवतो. भाताचा चिकट गोळा आणि मिरचीचा ठेचा देती. ठेचा बघून मला भरून आलं, चव बघून जास्तच.

तिनं विचारलं, "बायको का आली न्हाय?" ज्ञानू, इथं मला कोण ओळखत न्हाय. इथं खरं बोलायला काय जात हुतं? तरी माझ्या तोंडातनं निघालं, "आजारी हाय." कशाला? मला अजून कळलं न्हाय.

सकाळी बघतो तर पा नोई समोरच्या देवळात मेणबत्ती लावून हात जोडून बसलेली. माझ्याकडं बघून फोन पुढं केला. फोनवर लिहिलं हुतं, तुझी बायको लवकर बरी होवो.

मावंदं नको म्हण. कायतरी कारण काढ. म्हण, त्याला आवडत न्हाय बडेजाव.

विजयसिंह


शाहूपुरी, २६ नोव्हेंबर
विषय: हाताबाहेर गेलंय

विजा,

सांगितलं, त्याला बडेजाव आवडत न्हाय. वैनी म्हणाल्या, "म्हणून तर घालायचं. पुण्य केलेली माणसं असंच म्हणत्यात."

नेसरीच्या सगळ्या भावकीला निरोप गेलाय. आचारी ठरला. तुझ्या थोरल्या चुलत्याचा उदयसिंह म्हणतोय, ढोल-ताशा माझ्याकडनं. माळ्यावरची पितळी परात खाली काढलीया. वैनी ती चिंचेनं घासत बसल्यात, चेहरा दिसस्तवर. मी गेलो तर परातीत माझाच चेहरा. मी तिथनं उठून खाटेकडं बसलो.

तर तिकडं आत्ती. दोन दिवस पेज बी घेत न्हाय. चमचा लावला की तोंड फिरवती. "आता तोंडात जाईल ती गंगा," म्हणती. वैनी तिचं केस विंचरत हुत्या. मला म्हणाल्या, "भावजी, मी न्हाय गेले ते बरं झालं बघा. मी असते तिकडं तर हिला कुणी सांभाळलं असतं?" असं म्हणत्यात आणि हसत्यात.

विजा, मला धपाटं उतरत न्हाय आता. शाली विचारती, "तुम्हांस्नी काय झालंय?" मी म्हणतो पित्त.

तू ये. मी तुला एक मार्ग सांगू का? महाद्वार रोडला पूजेच्या दुकानात गंगाजलाचं सीलबंद तांब्याचं गडू मिळत्यात. एक घेऊ, तू उतरलास की स्टँडवर तुझ्या हातात देतो. पाणी गंगेचंच असतंय. फक्त आणलेलं तू नसतोस.

बघ विचार करून. आणि लवकर.

ज्ञानू


नान, २८ नोव्हेंबर
विषय: ठरलं

ज्ञानू,

तुझा मेल वाचायच्या आधी मी डोंगरात गेलतो. तिथं एका गावात विहिरीतनं खारं पाणी काढत्यात आणि कढईत आटवून मीठ करत्यात. अरे, गुऱ्हाळच की! तीच भट्टी, तसलंच चुलवाण, वाफ, धूर, कडेला बसलेली म्हातारी माणसं. फक्त गुळाच्या जागी मीठ. मला राहवलं न्हाय, मी फावड्यासारखं ते लाकूड हातात घेतलं आणि ढवळलं. सगळी हसली. एकानं पाठीवर थाप मारली. पहिल्यांदा वाटलं, हे मीनाक्षीला सांगू. ती लगेच म्हणली असती, "मळी काढली का वरची?" तिचं माहेर गुऱ्हाळवाल्यांचं. आणि मग कळलं, सांगता येणार न्हाय. कधीच. काशीत मिठाच्या विहिरी कुठल्या?

ज्ञानू, इथं सगळं चांगलंय. तेच खुपतंय. वाईट असतं तर म्हणलो असतो, शिक्षा झाली, फिटलं.

एक पिशवी मीठ घेतलं. परत आलो आणि तुझा मेल वाचला.

गडूचं नको. दुकानातला गडू हातात धरून मी परातीत पाय न्हाय ठेवू शकत. ठरवलंय, इथनं बँकॉक, बँकॉकहून कलकत्ता, तिथनं काशी. तिकीट काढलंय, मंगळवारचं. घाटावर उभा राहून ओटी भरतो, स्वतःच्या हातानं गडू भरतो, मगच घरी येतो. मग मी काशीला गेलतो हे खरं होईल. उशिरा का होईना, खरं होईल.

आत्तीला सांग, थोडं थांब म्हणावं. लेकरू गंगा घेऊन निघालंय.

विजयसिंह


नान, ३० नोव्हेंबर
विषय: आत्ती कशी हाय

ज्ञानू, उत्तर न्हाय तुझं. आत्ती कशी हाय? दोन शब्द लिही.

विजयसिंह


नान, १ डिसेंबर
विषय: ज्ञानू?

फोन लावला तुला, उचलला न्हाईस. घरी लावायचं धाडस होईना. काय झालंय का?


१ डिसेंबर
विषय: आपला मेल मिळाला (आपोआप गेलेलं उत्तर)

नमस्कार पावणं! आपल्या मोटारीची चौकशी मिळाली. सोमवारी दुकान बंद असतंय. मंगळवारी फोन करतो. जळालेली मोटार स्वतः उघडू नका.


शाहूपुरी, २ डिसेंबर
विषय: आत्ती गेली

विजा,

काशीचं तिकीट रद्द कर. सरळ घरी ये. आत्ती गेली, काल सकाळी.

काय झालं ते सगळं लिहितो. तोंडानं सांगायला मला जमणार न्हाय आणि तुझ्यासमोर तर न्हाईच न्हाई.

रविवारी वैनीचा फोन, "भावजी, डॉक्टर म्हणत्यात काय खरं न्हाय. त्यांना कसं बी करून कळवा." मी गेलो. आत्तीचा श्वास लागलेला. तरी मला ओळखलं. "आली?" म्हणली. तू आलास का असं न्हाय विचारलं रे. गंगा आली का, असं विचारलं.

मी म्हणलं, "आली. दुकानात ठेवलीया, आणतो."

आणि गेलो महाद्वार रोडला. गडू घेतला. रिक्षात बसून दुकानाची चिठ्ठी नखानं खरवडली, अर्धी निघाली, अर्धी चिकटून राहिली. घर आलं. वैनीनं विचारलं, "कुणाबरं पाठवली?" मी म्हणलं, कागलचा एक पावणा विमानानं आला, त्याच्याजवळ विजानं दिलती. माझं तोंड आता आपोआप चालतंय.

वैनीनं गडू दोन्ही हातांनी घेतला, आधी कपाळाला लावला, आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. मी असा मागं सरलो की पाट आडवा झाला.

सील फोडलं. चमच्यानं घातलं. आत्तीनं घोट गिळला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणली, "गोड हाय गं." मग म्हणली, "पाठवलं न्हवं माझ्या लेकरानं." आणि तोंड पुसायला वैनीचा पदर स्वतःच्या हातानं ओढून घेतला. सकाळी आंघोळीचं पाणी तापतंय तवर गेली. चेहरा बघशील तर झोपलेल्या पोरागत.

आदर्श पुण्यासनं आला, त्यानं अग्नी दिला. तू काशीहून येस्तवर थांबणं जमणार नव्हतं, सगळ्यांनी समजून घेतलं. सगळी म्हणत हुती, विजयसिंह नशिबाचा, स्वतः न्हाय पोचला पण गंगा वेळेवर पोचवली.

मला माफ कर म्हणू का तू मला म्हणणार हाईस, ते कळंना.

ज्ञानू


मंगळवार पेठ, १५ डिसेंबर

ज्ञानू भावजींस,

मीनाक्षीचा नमस्कार. तुमच्यागत मेल केला असता, पण मला त्यातलं येत न्हाय. चिठ्ठी शेजारच्या पोरीच्या हातानं दुकानात पाठवतेय. शालूबाईंनी वाचली तरी चालंल. त्यांना मी सगळं सांगितलंय.

हे घरी आले, त्याच दिवशी पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि आंघोळीला गेले. एवढंच धाडस. पिशवीत तळाला माझा खण, बांगड्या, जशा दिलत्या तशा. घडी बी मोडलेली न्हाय. त्यावर एक मिठाची पिशवी, तिच्यावर कुठली तरी गोल गोल अक्षरं. माणूस आंघोळ करून आला तेव्हा मी विचारलं, "कुठं गेलता?" तेव्हा सांगितलं. सगळं सांगितलं, भिंत, मीठ, ती पा नोई. लहान पोरागत एकदा सुरू झाले ते थांबले न्हाईत.

तुम्हांला वाटत असंल मला त्या दिवशी कळलं. तसं न्हाय. गडूवर अर्धी चिठ्ठी हुती. "महाद्वार" एवढं वाचता येत हुतं. पण आत्ती माझ्या हातातल्या चमच्याकडं बघत हुत्या, भावजी. तिथं काय बोलायचं? मी अंगठा त्या चिठ्ठीवर ठेवला आणि पाणी पाजलं.

म्हणजे ह्या खोट्यात आता आपण तिघं झालो.

तेराव्याला नेसरीची सगळी आली. एक एक जण ह्यांच्या पाया पडत हुता. हे खुर्चीत बसून पाय आत आत ओढत हुते. मी बघत हुते. मनात आलं, उठून सांगावं मोठ्यानं. पण सांगितलं तर आत्तींच्या तोंडातली गंगा खोटी ठरती. ती तेवढी कुणी खोटी करायची न्हाय. तुम्ही न्हाय, त्यांनी बी न्हाय. पाया पडायला येतील त्यांना पडू दे. तेवढं त्यांनी सोसायचं.

ते मीठ मी तेराव्याच्या आमटीत घातलं. भावकीनं वाटी वाटी मागून घेतली. चांगलं हाय मीठ.

राग थायलंडचा न्हाय. मला खरं सांगितलं असतं तर मी दोन दिवस ताट आदळलं असतं आणि तिसऱ्या दिवशी म्हणलं असतं, जावा, येताना माझ्यासाठी काय तरी आणा. राग ह्याचा हाय की मी माझी काशी त्यांना दिलती. ती त्यांनी घेतली, वापरली न्हाय, आणि घडी करून परत आणली.

आता आत्ती न्हाईत, घरात मला अडवणारं कोण न्हाय. शुक्रवारी मी आणि शालूबाई निघतोय. खण तोच नेणार. दोघींचे बी मोबाईल बंद राहतील, नेम धरलाय. शालूबाई कुठनं तरी तुमच्या दुकानात फोन करतील, तुम्ही घरी जाऊन ह्यांना निरोप द्यायचा. त्यांनी काय विचारलं तर उत्तर द्यायचं. पाणी गार हाय का विचारलं तर तुमचं तुम्ही बघा.

वर्षभर घरात कार्य न्हाय, म्हणून ढोल न्हाय, जेवणावळ न्हाय. पण मी आल्यावर माझे पाय परातीत धुतले गेले पाहिजेत. पाय धुवायला काय आचारी लागत न्हाय. त्यांना सांगा.

मीनाक्षी


मंगळवार पेठ, २३ डिसेंबर
विषय: निरोप

ज्ञानू,

चार गल्ल्यांवर तुझं दुकान, तरी मेल लिहितोय. तोंडासमोर तू बी बोलत न्हाईस, मी बी न्हाय.

आज तू आलास, दारातच म्हणलास, "पोचल्या. सुखरूप हायत." मी विचारलं, गंगा बघितली का? म्हणलास, बघितली. मी विचारलं, पाणी गार हाय का? तू एक पायरी उतरलास. मग म्हणलास, "ते शालीनं सांगितलं न्हाय." आणि गेलास. मी हाक मारली, धपाटी केलती मी, पहिल्यांदाच, कडेनं करपलेली. तू ऐकलं न्हाईस का ऐकून गेलास?

बरं केलंस खरं बोललास. पण तू गेल्यावर मी आत्तीच्या रिकाम्या खाटेवर बसलो आणि डोक्यात आलं, दोघी खरंच काशीला गेल्या असतील का? दुसरीकडं कुठं गेल्या असतील तर मला कसं कळणार? लगेच लाज वाटली. तिच्या मनात एकदा बी असं आलं नसंल. तिनं डोळं मिटून पाणी गार मानलं. मला ते जमत न्हाय. खोटं बोललेल्या माणसाला विश्वास ठेवायला अवघड जातंय, एवढं आता कळलं.

सकाळी नेसरीहून उदयसिंहाची आई आली, आत्तीच्या वयाची. माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी उचलून धरली, तर म्हणती, "असू दे बाबा, बनीला तू सोडवलंस. माझ्या बी येळंला असंच कर." मी म्हणलं, करतो. काय म्हणणार?

नानमध्ये सकाळी नदीवर धुकं असायचं. मी तासन्‌तास बघत बसायचो. इतकं चांगलं मला कुठंच वाटलं न्हाय. पा नोईला कळवायला पाहिजे, बायको बरी हाय, कधी आजारी नव्हतीच. तिनं लावलेली मेणबत्ती अजून माझ्या अंगावर हाय.

परात घासून ठेवलीया. चिंच लावली, राख लावली, चेहरा दिसायला लागला तसा पालथी घातली. तांब्या ठेवलाय, नवा पंचा ठेवलाय. एकच अडलंय. पाय धुवायच्या पाण्यात तुळस घालायची असती का फुलं, आधी दूध का आधी पाणी? मीनाक्षीला ठाऊक असंल, पण ज्याचे पाय धुवायचे त्याला कसं विचारायचं?

हे असलं सगळं मी आत्तीला विचारायचो.

विजयसिंह